मोहझिऱ्याच्या मारुतीची खोळ

१

मोहझिऱ्याच्या मारुतीची तेरा वर्षं कोणीतरी चोरून नेली होती.

वर्षं कशी चोरता येतात, असं विचाराल तर ऐका. गावोगावच्या मारुतीला शेंदूर चढतो, थरावर थर बसतो आणि देवाच्या अंगावर जाड खोळ तयार होते. मोहझिऱ्याच्या मारुतीची खोळ चांगली चार बोटं जाड होती. तिच्यातले वरचे तेरा थर हा मैनाबाई पाटलिणीचा एकुलता एक पुरावा. आणि आज वैशाखातल्या भर दुपारी सहा माणसं रान तुडवत वर आली, तर ओट्यावर उभा होता एक हडकुळा मारुती. खोळ गायब. अंगावर शेंदराचा एकच पातळ हात, तोही घाईघाईनं फासलेला.

मैनाबाई रिवाजाप्रमाणे ओट्यापासून दहा पावलांवर थांबली होती, कारण तिकडे बाया मारुतीला शिवत नाहीत. तिनं तिथूनच पाहिलं आणि एका पडक्या भिंतीवर मटकन बसली. रडली नाही. पण तिच्या हातातली रुईच्या पानांची माळ मांडीवरून खाली घसरली, ती उचलायचं तिला सुचलं नाही.

अकोटच्या तहसिलीतून चौकशीला आलेले पेशकार, म्हणजे तहसीलदारांचे कारकून, पुण्याकडचे, सरळ पण कायद्याला धरून चालणारे. त्यांनी उपरण्यानं घाम पुसला. "मैनाबाई, तुम्ही तेरा थर सांगितले होते. इथे तर एकच दिसतो."

"तेराच होते, सायेब. पंधरा दिवसांमागं हनुमान जयंतीले तेरावा चढला. हे देवीदास गुरव सांगतीन."

"गुरव तुमच्याच घरचा शिधा खातो. त्याची साक्ष कशी धरू मी?" पेशकारांनी पिशवीतून दौत काढली. "उन्हं कलायच्या आत रान उतरलं पाहिजे, इकडे वाघ आहे. त्याआधी मला शेरा लिहायचा आहे."

तो शेरा म्हणजे बावीस घरांचं नशीब होतं. सरकारी कागदात मोहझिरा 'बेचिराग' म्हणून लागलं होतं, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव. तेरा वर्षांपूर्वी पटकीच्या साथीनं अर्धं गाव नेलं, त्यात मैनाबाईचा नवरा रामराव पाटीलही गेला. उरलेली बावीस घरं खाली धामणखेडला उतरली आणि दुसऱ्याच्या वावरात राबायला लागली. मैनाबाई आणि गुरव सोडले तर दहा वर्षं मोहझिऱ्याची कोणी आठवण काढली नाही. मग तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेला कापूस मिळेना, आणि इकडं वऱ्हाडात लोकांनी पांदणीसुद्धा नांगरून पऱ्हाटी पेरली. मोहझिऱ्याची पडीक काळी जमीन सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. तहसिलीत तीन अर्ज आले. तहसीलदारांनी ठरवलं, की ज्यानं गावाचा देव राखला त्यानं गाव राखलं, सबब पूजा कोणाची ते पाहावं. मैनाबाईची पूजा खरी ठरली तर गाव तिचं आणि त्या बावीस घरांचं. खोटी ठरली तर बाकीच्या दोघांपैकी एकाचं.

पेशकारांनी बोरू दौतीत बुडवला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सायेब, शेरा लिहा, पन सावली ओट्याच्या त्या पायरीवर आल्यावर लिहा. तवर मी खोळ शोधून देईन. नेली कोणं तेही सांगीन."

२

ही पार्वताबाई माळीण. धामणखेडला तिचा भाजीचा मळा, पण माहेर मोहझिऱ्याचं. पायवाट पाठ असलेलं आणि कोणत्याही अर्जात नाव नसलेलं माणूस म्हणून पेशकारांनी तिला सोबत घेतलं होतं. वय पन्नाशीचं, पाय काटक आणि तोंड त्याहून. अकोटच्या बाजारात वांगी विकता विकता ती माणसं पारखायला शिकली होती. कोण वांगं दाबून पाहतो, कोण देठ पाहतो आणि कोण नुसतंच इकडंतिकडं पाहतो, हे तिला न बघता कळे. गेल्या साली गंगूबाईची हरवलेली नथ तिनं जागच्या जागी बसून शेजारणीच्या खुराड्यातून काढून दिली होती. तेव्हापासून धामणखेडात कोणी तिच्यासमोर फार वेळ नजर चोरत नसे.

मैनाबाईशेजारी भिंतीवर बसून ती सकाळपासूनचं एकेक आठवायला लागली.

सूर्य उगवायच्या आत ते निघाले होते. पायथ्याच्या पळसापाशी गाडीवाट संपली, तिथून पुढं कोरड्या नाल्यातून चढ. सागाची पानं झडून गेलेली, पायाखाली नुसता कुरकुर आवाज. टेंभरं पिकली होती. वाट दाखवायला पार्वताबाई पुढं, तिच्या पाठोपाठ जानराव, म्हणजे रामराव पाटलाचा चुलतभाऊ, दुसरा अर्जदार. तो टेंभरं तोडून खात होता आणि बिया थुंकत होता. त्याच्या मागं पेशकार, मग खुशालराव. खुशालराव धामणखेडची बडी असामी, तिसरा अर्जदार. त्याच्या कापसाच्या पंधरा गाड्या खामगावच्या बाजाराला जायच्या. देवीदास गुरव आणि मैनाबाई सगळ्यांत मागं.

"अजून किती दूर आहे, पार्वताबाई?" खुशालरावानं दोनदा विचारलं होतं. "मी तं जन्मात पयल्यांदा येऊन राहिलो इकडं."

"येईन आता. झिरा लागला का गाव लागलंच."

झिरा लागला. खडकातून बोटभर धार पडते, दगडी कुंडीत साठते आणि कुंडीतून सांडून खाली गुडघाभर डोह होतो. डोहाच्या तळाशी पानांचा खच. सगळे धारेवर पाणी प्यायले. मग देवाकडं जायचं म्हणून डोहात पाय धुवायला उतरले. पेशकार जोडे काढून पाय सोडून बसले, उठायचं नाव घेईनात. जानराव थेट मधोमध उभा राहिला आणि म्हशीनं घुसळावं तसं पाणी घुसळलं. मैनाबाईनं आणि देवीदासनं काठावर पाय धुतले, पार्वताबाईनंही. खुशालरावानं धारेवर आपला भोपळ्याचा तुंबा भरला आणि तो बाजूला मोहाच्या झाडाखाली गेला. तुंबा पायांवर ओतला, परत येऊन पुन्हा भरला.

पार्वताबाईला तेव्हा नुसतं हसू आलं होतं. पैसा आला की पायालाही वेगळं पाणी लागतं, असं तिच्या मनात आलं, आणि ती गावाकडं वळली होती.

गाव पाहून मात्र तिचं हसू गेलं. भिंती कमरेएवढ्या उरलेल्या, छपरं कधीचीच बसलेली. तिच्या बापाच्या अंगणात आईचं उखळ तसंच होतं आणि उखळातून सागाचं रोप वर आलं होतं. तिला गलबलून आलं. पण तेवढ्यात पुढून देवीदासची बोंब ऐकू आली होती, की देवाची खोळ गेली.

सावली अजून पायरीपासून हातभर लांब होती. पार्वताबाई उठली.

३

"देवीदासभाऊ, मले तं देवाले शिवता येत नाई. तुमी जरा देवाच्या पाठीवर बोट फिरवा आन् माह्या नाकापाशी आना."

पेशकारांच्या भुवया वर गेल्या. देवीदास म्हाताऱ्यानं हात जोडले, मारुतीच्या पाठीवर बोट फिरवलं आणि ते पार्वताबाईसमोर धरलं. शेंदूर रवाळ होता, काळपट होता. तिनं वास घेतला.

"पाटलीणबाई, शेंदूर तुमी कशात कालवता?"

"तिळाच्या तेलात. तुलेच तं माहीत आहे, तुह्याच घरून तीळ येते."

"हे तीळ नाई. हे एरंडेल आहे. गाडीच्या आखाले घालाचं."

पेशकारांनी स्वतः वास घेऊन पाहिला आणि मान हलवली. ते म्हणाले, "पण देवानं खोळ आपणहून टाकली असेल तर? ऐकलं आहे मी, जड झाली की सुटते."

"सुटते ना," देवीदास म्हणाला. "पण मंग पायाशी पडली असती. आन् आमी तिले तशी टाकत नाई, सायेब. वाजतगाजत नेऊन पान्यात सोडतो. देवाच्या अंगावरचं आहे ते."

"मग गुरवबुवा, तुम्हीच विकली नाही ना कोणाला?" पेशकारांनी सरळ विचारलं. देवीदासचा चेहरा उतरला. हा माणूस तेरा वर्षं दर चैत्री पुनवेला मैनाबाईसोबत हा चढ चढला होता. ती दहा पावलांवर उभी राहायची, तो शेंदूर चढवायचा.

पार्वताबाई तोवर ओट्यामागच्या करवंदीच्या जाळीत वाकली होती. तिथून ती नारळाच्या दोन करवंट्या घेऊन आली. खोबरं माकडांनी चाटूनपुसून खाल्लेलं. तिनं त्या एकमेकींवर बसवल्या, काठ अगदी जुळले.

"हे पाहून घ्या, सायेब," एवढंच म्हणून तिनं त्या पेशकारांपुढं ठेवल्या.

मग ती जानरावाकडं वळली. जानराव सावलीत आडवा पसरला होता.

"मले खोळीचं काय करनं आहे?" तो पडल्यापडल्या म्हणाला. "रक्त माझं आहे. रामरावदादाच्या मागं पाटीलकी मलेच यायले पायजे. बाईमानसाची पूजा कायची?"

"खोळ असली तं गाव वहिनीचं. नसली तं तुमचं. मंग तुमाले फायदा नाई म्हनता?"

जानराव विचारात पडला. "फायदा तं आहे," त्यानं कबूल केलं. "पन मी नाई नेली. मले हे सुचलंच नाई."

पार्वताबाईला हे पटलं. जानरावाला आयुष्यात फारसं काही सुचलं नव्हतं. पण पटणं वेगळं आणि पेशकारांना पटवणं वेगळं.

खुशालराव तिची वाटच पाहत होता. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, बोलणं मऊ. "इचारा, पार्वताबाई. पन एक सांगून ठेवतो. मी वीस वर्षं शनिवार धरून राहिलो. मारुतीचा उपास करनारा मानूस मारुतीच्या अंगाले पहार लावीन, असं वाटते तुमाले?"

"पहार लावली हे कोणं सांगतलं तुमाले?"

"आता, खोळ निघाली म्हनजे कशानं तरी काढलीच असन ना. हातानं थोडी निघते." तो हसला. "आन् मी तं इथी आजच येऊन राहिलो."

उत्तर चोख होतं. खोळ चार बोटं जाड, ती हातानं निघत नाही हे कोणीही सांगेल. पेशकारांनी मान डोलावली आणि पायरीकडं पाहिलं. सावली पायरीला चिकटली होती.

"बाई, तुम्ही खटपट केलीत," ते म्हणाले. "पण खोळ कुठं आहे? पुरावा म्हणून वासावर आणि करवंट्यांवर मी शेरा कसा मारू?"

मैनाबाईनं मान खाली घातली. पार्वताबाई मात्र खुशालरावाच्या पायांकडं पाहत होती. त्याच्या घोट्यांवर सुकलेली धूळ होती आणि धुळीत पाण्याचे उभे ओघळ. तुंबाभर पाण्यानं पाय धुतले की असंच होतं, अर्धे धुतले जातात, अर्धे राहतात. तिला स्वतःच्याच मंदपणाचा राग आला. सकाळी ती हसली काय म्हणून?

"सायेब, दौत-बोरू घ्या," ती म्हणाली. "आपन झिऱ्यावर जाऊ. खोळ तिथी आहे."

४

डोहाच्या काठावर सगळे थांबले. पार्वताबाईनं पदर कमरेला खोचला. बाजारात भाव सांगावा तितक्या सहजपणे ती बोलायला लागली.

"सायेब, चोर खोळ काढायले आला. कडेनं तेल सोडल्याबिगर खोळ सैल होत नाई, म्हनून गाडीले टांगलेला एरंडेलाचा नळा त्यानं संग आनला. खोळ निघाली. चोरानं पाहलं तं देव उघडा. आता दुसऱ्या मुलखातला चोर असता तं पयाला असता. याचं काळीज थरथरलं. देवाले उघडं ठेवून जाववेना. शेंदूर जोळ नव्हता, म्हनून खोळीचा चुरा उगाळला, तेच एरंडेल घातलं आन् एक हात फिरवला. म्हनून तो रवाळ आहे. पाटलीणबाईनं थर फासून सोंग केलं असतं तं तिच्या घरी तिळाचं तेल होतं, शेंदूर होता. ती कायले गाडीचं वंगण उगाळन?"

"ठीक," पेशकार म्हणाले. "बाई सुटल्या."

"मंग चोरानं माफी मागाले नारळ फोडला. दोनी भकलं देवापुढंच ठेवली, माकडायनं खाल्ली. सायेब, गुरवानं फोडलेल्या नारळाचं एक भकल गुरवाच्या घरी जाते, तो त्याचा हक्क आहे. देवीदासभाऊच्या बापानंही ते कधी सोडलं नाई. तं ज्यानं दोनी ठेवले त्याले हे करायची सवय नव्हती."

देवीदासनं एवढ्या वेळात पहिल्यांदा मान वर केली.

"राहिले दोघं," पेशकार म्हणाले.

"राहिले दोघं. आता खोळ हाती आली, तिचं काय करावं? रानात फेकून देल्ली असती तं आपल्याले जन्मात सापडली नसती. पन देवाच्या अंगावरचं रानात फेकतेत का? पान्यातच सोडाव लागते. आन् इथी दोन कोसांत पानी एकच आहे." तिनं डोहाकडं बोट केलं. "सकाळी आपन सगळ्यायनं इथी पाय धुतले. मी धुतले, सायेब तुमी धुतले, जानरावभाऊ तं मधात उभे राह्यले. आपल्याले माहीत नव्हतं. पन ज्याले माहीत होतं, का इथी देवाचं अंग पडून आहे, तो त्याच्यावर पाय कसा देईन? तो तुंबा भरून झाडाखाली गेला."

जानरावाच्या आता सारं ध्यानात आलं. तो पाण्यापासून चार पावलं मागं सरला आणि स्वतःच्याच गालांवर चापट्या मारून घ्यायला लागला.

खुशालराव हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "सायेब, माह्या टाचेले भेग आहे. डोहातलं सडक्या पानायचं पानी झोंबते. एवढ्यावर मानसाले चोर ठरवता?"

पेशकारांनी पार्वताबाईकडं पाहिलं. मुद्दा बरोबर होता.

"नाई ठरवत," पार्वताबाई म्हणाली. "खुशालभाऊ, तुमी एक करा. एक पाय त्या पान्यात ठेवा. नुसता एक. तुमच्या लेखी तं तिथी पानंच आहेत. तुमी पाय ठेवला का मी सायेबासमोर तुमची माफी मागीन, आन् सायेब लगेच शेरा लिहितीन. गाव तुमचं झालं तरी मी हूं का चूं करनार नाई."

मैनाबाई दचकून उभी राहिली. बावीस घरांचं गाव ही बाई एका पावलावर लावून बसली होती.

खुशालराव काठावर आला. त्यानं जोडा काढला, धोतर वर धरलं आणि उजवा पाय उचलला. पाणी वीतभर खाली होतं. पंधरा गाड्यांचा मालक, पाचशे एकर काळ्या जमिनीसाठी फक्त वीतभर पाय खाली न्यायचा. पाय तसाच थांबला. वीस वर्षांचे शनिवार त्या पायाला धरून बसले होते. धारेचं पाणी कुंडीत पडत राहिलं, आणि सगळे त्या पायाकडं पाहत राहिले.

त्यानं पाय मागं घेतला आणि जमिनीवर टेकवला.

"नाई होत," तो म्हणाला. आवाजातला सगळा मऊपणा गेला होता. "चोरी केली म्या. आठ रोज झाले. पन देवावर पाय नाई देनार."

५

देवीदास हात जोडून, पुटपुटत डोहात उतरला. पालापाचोळा बाजूला केला आणि खालच्या दगडाच्या कपारीतून एकेक तुकडा वर काढला. पाण्यानं खोळीचं काही बिघडलं नव्हतं. तेल पिऊन पिऊन ती खापरासारखी टणक झाली होती. चार मोठे तुकडे त्यानं उपरण्यावर मांडले.

"यातले तेरा थर कसे ओळखायचे?" पेशकार खाली बसून म्हणाले. "थर तर शंभर असतील."

"मले लिहिता येत नाई, सायेब," मैनाबाई हळूच म्हणाली. "म्हनून गाव उठल्यापासून दर साली शेंदराच्या आंधी एक रुईचं पान चिकटवाले लावलं देवीदासले. त्याच्या पयले पान नव्हतं."

पेशकारांनी तुकडा उभा धरला. कडेला शेंदरात काळ्या रेघा दिसत होत्या, एकीखाली एक, वाळलेल्या पानांच्या. त्यांनी बोराच्या काट्यानं मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. मग दौत उघडून गुडघ्यावर कागद घेतला आणि मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, की मौजे मोहझिरा येथील पूजा मयत रामराव पाटील यांची विधवा मैनाबाई हिनं अखंड राखली, सबब गाव तिच्या व जुन्या रयतेच्या वहिवाटीस द्यावं. खुशालरावाच्या अर्जावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि विचारलं, "चोरीबद्दल याला खाली चौकीवर देऊ?"

मैनाबाईनं खुशालरावाकडं पाहिलं. तो झाडाला टेकून बसला होता, एका पायात जोडा, एक पाय उघडा.

"नको," ती म्हणाली. "बावीस घरांची लाकडं वाहाची आहेत पायथ्यापावतर. याच्या पंधरा गाड्या आहेत. पावसाच्या आंधी सगळ्या गाड्या द्याव त्यानं, आन् गाडीसंग सोता याव."

खुशालरावानं मान हलवून होकार दिला. जानरावानंही, कोणी न विचारता, आपण खांब रोवायला येऊ म्हणून सांगितलं. पार्वताबाईनं त्याच्याकडं पाहिलं, तर तो अजून गाल चोळत होता.

उतरायची वेळ झाली. देवीदास तुकडे पुन्हा पाण्यात सोडायला उचलत होता, तेवढ्यात एक तुकडा सर्वांत खालच्या पानापाशी उकलला आणि दोन झाला. पानाखाली गाव उठायच्या आधीचा थर होता. त्यात चार बोटांचे ओढलेले ठसे उमटून राहिले होते, वरून खाली, रुंद, आणि करंगळीचा ठसा वाकडा.

"त्या सालचा शेंदूर मी नव्हता चढवला," देवीदास म्हणाला. "मी तापानं पडलो होतो. पाटलानं सोता चढवला होता. मंग दुसऱ्या महिन्यात पटकी आली."

मैनाबाई बघत राहिली. रामरावाची करंगळी लहानपणी मोटेच्या दोरात सापडून वाकडी झाली होती, हे त्या सगळ्यांत तिला आणि जानरावाला माहीत होतं. तेरा वर्षं ती दहा पावलांवर उभी राहिली होती, आणि तिचं माणूस त्या तेरा पानांच्या खाली होतं.

"देवीदासभाऊ," तिनं विचारलं, "मारुतीले मी शिवत नाई. पन हे आता देवाच्या अंगावरून उतरलं ना?"

देवीदासनं पार्वताबाईकडं पाहिलं. पार्वताबाईला जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं येत होती, पण हे तिनं गुरवावर सोडलं.

"उतरलं," देवीदास म्हणाला. "शिव तू, बाई."

मैनाबाईनं हात पदराला पुसला आणि आपली चार बोटं त्या चार ठशांत ठेवली. करंगळी तेवढी तिनं थोडी वाकवून ठेवली.

पेशकारांना घाई होती, वाघाचं भय होतं, पण ते थांबले. मग पार्वताबाईनं घरून आणलेली पणती काढली, मैनाबाईनं देवासाठी आणलेलं तिळाचं तेल तिच्यात ओतलं आणि मैनाबाईला सोबत घेऊन पाटलाच्या पडक्या घरापाशी नेऊन ती लावली. ऊन होतं, ज्योत दिसतही नव्हती. पेशकारांनी तरी ती पाहिली, कागद पुन्हा काढला आणि 'बेचिराग' हा शब्द खोडला.